परळची शिकवणी

मालन घाडी गाडीत डाव्या बाजूला बसून गाडी चालवायची. उजवीकडे स्टिअरिंगवर आमच्यासारखी एखादी घाबरलेली बाई असायची, पण क्लच आणि ब्रेकची जास्तीची जोडी डावीकडे मालनताईच्या पायाखाली असे आणि तिचा उजवा हात कायम स्टिअरिंगच्या दिशेने पुढे केलेला असे. आपण गाडी चालवतोय असं बाईला वाटायला लागलं की ती हात हळूच मागे घ्यायची. मला ते कळायला पंधरा दिवस लागले.

अंधेरी पूर्वेला गुंदवलीच्या नाक्यावर श्यामसुंदर मोटार ट्रेनिंग स्कूल होतं. मालक श्यामसुंदर, गाडी एक, तीही जुनी फियाट, आणि ‘लेडीज बॅच’ची शिकवणारी मालनताई. तिचे वडील लवू परब लॉरीवर ड्रायव्हर होते, घाटकोपरला राहायचे. त्यांना मुलगा नव्हता. रविवारी ते मालनला माहुलच्या रिफायनरीकडच्या मोकळ्या रस्त्यावर न्यायचे आणि लॉरी शिकवायचे. तिचे पाय जेमतेम पोचत होते तेव्हापासून. पुढे तिचं लग्न दशरथ घाडीशी झालं. तो गिरणीत होता. ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली ती गेलीच, मग तो एमआयडीसीत मोटार वाइंडिंगच्या कारखान्यात लागला. संपाच्या त्या दिवसांत मालनताई श्यामसुंदरकडे गेली आणि म्हणाली, तुमच्याकडे बायका शिकायला येत नाहीत, कारण शिकवायला बाप्ये आहेत. मला ठेवून बघा. त्याने ठेवून बघितलं. चार महिन्यांत लेडीज बॅच भरली.

मी तेव्हा अंधेरीलाच एका बँकेत कारकून होते. आमच्या काकांनी नवी मारुती नोंदवली होती आणि ती घरी यायच्या आत चालवायला शिकायचं, चुलतभावाच्या आधी, एवढ्याच ईर्ष्येने मी नाव घातलं. माझ्याबरोबर पार्ल्याच्या वनमालाकाकू करमरकर होत्या. वय पन्नाशीच्या आतबाहेर, अंगाने भरलेल्या, स्वभावाने प्रेमळ आणि गाडीत बसल्या की अथर्वशीर्ष म्हणणाऱ्या. मालनताई त्यांना सांगायची, काकू, देवाला मागच्या सीटवर बसू द्या, तुम्ही समोर बघा.

ती रागवायची, पण त्या रागवण्याने कुणाला वाईट वाटत नसे. गिअर करकरला की म्हणे, ‘हळू गं, त्याचे दात पडतील.’ गाडी बंद पडली की म्हणे, ‘झकास. आता पुन्हा चालू कर, त्यात काय.’ तिचं हसणं मोठं होतं. रस्त्यावरचे लोक वळून बघायचे, आणि शिकाऊपणाची ‘एल’ पाटी लावलेल्या गाडीत तेवढी मजा काय चाललीय असं त्यांना वाटत असणार.

त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर एका सकाळी आम्ही महाकालीच्या रस्त्याला होतो. मी मागे बसले होते, वनमालाकाकू चालवत होत्या. वळणावर तबेल्यातल्या म्हशी एका रांगेत रस्ता ओलांडत होत्या. काकूंनी म्हशी बघितल्या, स्टिअरिंग सोडलं आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. मालनताईने ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग धरायला ती उजवीकडे झेपावली. त्याच क्षणी काकूंचं डावं कोपर जोरात फिरलं ते तिच्या छातीवर बसलं. गाडी थांबली. शेवटच्या म्हशीने आमच्याकडे बघितलं आणि ती निघून गेली. मालनताई काही वेळ छाती धरून वाकून बसली, आणि मग म्हणाली, ‘काकू, म्हशीनेसुद्धा डोळे झाकले नाहीत हो.’

छातीची सूज आठवड्यात उतरली. मलम चोळताना मात्र बोटांखाली काहीतरी लागत होतं. उजव्या बाजूला, खालच्या अंगाला, सुपारीएवढं. दुखत नव्हतं. सूज गेली तरी ते गेलं नाही. मालनताईने आधी ते कुणाला सांगितलं नाही. मग एकदा शिकवणी संपल्यावर गाडी बंद करून ती मला म्हणाली, उत्तरा, तुला इंग्रजी बरं येतं, माझ्याबरोबर डॉक्टरकडे येशील का? नाक्यावरच्या डॉक्टरांनी तपासलं, चेहरा गंभीर केला आणि परळच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. तिथे सुई घालून तपासणी झाली. कॅन्सर निघाला. मालनताई तेव्हा बत्तीस वर्षांची होती. मुलगी सुलक्षणा दुसरीत होती.

त्या काळात मालनताईच्या गुंदवलीच्या चाळीत हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नसे. ‘तो रोग’ म्हणत. ज्यांना समजलं ते मालनताईला भेटायला आले आणि ती वारल्यासारखे खाली माना घालून बसले. तिने सगळ्यांना चहा केला. एक शेजारीण तिच्या हाताला हात लावायला कचरत होती, तिला मालनताईने मुद्दाम जवळ बसवून घेतलं आणि खारी खायला लावली.

सगळ्यात वाईट अवस्था वनमालाकाकूंची झाली. आपल्या कोपराने हिला कॅन्सर झाला, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. त्यांनी शिकवणी सोडली, स्वयंपाकघरात बसून रडल्या आणि रोज एक डबा घेऊन गुंदवलीला यायला लागल्या. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, मेथीचे लाडू. लाडू दाराशी ठेवून, डोळे पुसून, परत जात. सोनूबाई म्हणजे मालनताईच्या सासूबाई. त्यांना वाटलं, ही कोणीतरी नवस बोललेली बाई आहे.

मालनताईने हे डॉक्टरांना विचारलंच. डॉक्टर नंदकुमार सबनीस तरुण होते, चष्मा नाकावर घसरायचा, बोलताना समोरच्या माणसाकडे बघायचे. ते म्हणाले, मार लागून कॅन्सर होत नाही. गाठ आधीपासून होती. मार लागला म्हणून हात तिथे गेला, नाहीतर ती आणखी वर्षभर तशीच वाढत राहिली असती आणि मग ती एवढी लहान नसती. तुमच्या त्या काकूंना माझ्याकडून सांगा, त्यांच्या कोपराने तुमचं भलंच केलंय.

आम्ही तिथून थेट पार्ल्याला गेलो. काकूंनी ऐकलं, दोनदा पुन्हा सांगायला लावलं, आणि मग देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशीपासून लाडू बंद झाले. मालनताईला त्याचं थोडं वाईट वाटलं.

खरी गोष्ट त्यापुढची आहे. डॉक्टर सबनीसांनी मालनताई आणि दशरथ दोघांना बोलावलं. मीही होते. त्यांनी कागदावर साधं चित्र काढलं आणि सांगितलं, आपल्याकडे बहुतेक वेळा पूर्ण स्तन काढतात. वर्षानुवर्षं तसंच चालत आलंय, आणि ते चूक नाही. पण तुमची गाठ लहान आहे. दुसराही एक रस्ता आहे. फक्त गाठ आणि तिच्या आजूबाजूचा थोडा भाग काढायचा, स्तन ठेवायचा आणि मग पाच-सहा आठवडे रोज मशीनचा शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचा. इटलीत काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी शेकडो बायकांचे दोन गट करून हे पाहिलं. एका गटाचं पूर्ण काढलं, दुसऱ्याचं ठेवलं. आतापर्यंत दोन्ही गटांतल्या बायका सारख्याच जगताहेत.

दशरथ चटकन म्हणाला, पूर्ण काढा, माझं काही म्हणणं नाही. भला माणूस तो. आपल्याला बायको हवी, बाकी काही नको, हे त्याला सांगायचं होतं, आणि ते त्याला एवढंच सांगता येत होतं. मालनताईने त्याच्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, ‘अहो, तुमचं म्हणणं कोणी विचारलं?’ डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला.

मग तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. पूर्ण काढलं तर पुन्हा येणारच नाही का? डॉक्टर म्हणाले, तसं कुणीच सांगू शकत नाही. ठेवलं तर पुन्हा येऊ शकतं का? ते म्हणाले, त्याच जागी पुन्हा गाठ येण्याची शक्यता थोडी जास्त असते, आणि तुमच्यासारख्या कमी वयाच्या बाईत आणखी थोडी जास्त. आली तर तेव्हा पूर्ण काढावं लागेल. म्हणून दर काही महिन्यांनी तपासायला यावंच लागेल, कंटाळा करून चालणार नाही. तिने विचारलं, माझा उजवा हात? त्या हातावर माझं पोट आहे. डॉक्टर म्हणाले, काखेतल्या गाठी दोन्ही ऑपरेशनांत काढाव्या लागतात, त्यामुळे हाताला त्रास दोन्हीकडे सारखाच. व्यायाम केलात तर हात परत येईल.

‘तुमच्या घरातलं कोणी असतं तर तुम्ही काय केलं असतं?’ तिने विचारलं.

‘हे मला विचारू नका,’ डॉक्टर म्हणाले. ‘मी सांगितलं की तुम्ही तेच कराल, आणि मग ते तुमचं राहणार नाही. आठवडाभर विचार करा. त्याने काही बिघडत नाही.’

परत येताना मला वाटलं, घाबरली असेल. पण ती म्हणाली, ‘मला आजपर्यंत असं कोणी विचारलंच नव्हतं गं. स्थळ बघायला आले तेव्हासुद्धा नाही. आता विचारलं ते हे.’ आणि ती हसायला लागली. मला हसावं की नाही कळेना, पण तिचं हसणं असं होतं की थांबवता येत नसे.

आठवडाभर प्रत्येकाने आपापलं मत दिलं. चाळीतल्या बायका म्हणाल्या, मुळासकट काढ, कीड ठेवू नये. श्यामसुंदर म्हणाला, इंजिनचा एक पार्ट बिघडला तर तेवढाच बदलतात. वनमालाकाकूंचं म्हणणं होतं की पुण्याच्या एका वैद्यांना आधी दाखवावं. सोनूबाई काही बोलत नव्हत्या. एका दुपारी पडवीत तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, ‘माका काय ता समजना नाय गे. तुका व्हया ता कर. माझ्या नातीक आवस व्हयी, इतक्याच माका समाजता.’ मालनताई म्हणते, त्या एका वाक्याने तिच्या डोक्यातला गोंधळ निवळला. दोन्हीकडे आई सारखीच जगणार असेल, तर मग उरलेलं तिचं तिने ठरवायचं.

पुढच्या भेटीत तिने डॉक्टरांना सांगितलं. ती काय म्हणाली ते मला अजून आठवतं, कारण खोलीतली नर्सही लिहायची थांबली होती.

‘मला सगळे विचारतात, कोणासाठी ठेवायचं? नवऱ्याला नकोय म्हणतो. पोरगी दूध प्यायची ती आता शाळेत जाते. मग कोणासाठी? तर माझ्यासाठी. ते माझं आहे म्हणून. एवढं कारण चालेल ना डॉक्टर?’

डॉक्टर म्हणाले, याहून चांगलं कारण त्यांनी ऐकलेलं नाही. पण रोज परळला यावं लागेल, शनिवार-रविवार सोडून. अर्ध्या बायका दोन आठवड्यांत यायचं सोडतात, आणि शेक अर्धवट टाकला तर नुसती गाठ काढायला नको होती असं म्हणायची पाळी येते. येणं जमणार नसेल तर आत्ताच सांगा. मालनताईने जमेल म्हणून सांगितलं. कसं, ते तिलाही माहीत नव्हतं.

ऑपरेशन चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत झालं. काखेतल्या गाठी स्वच्छ निघाल्या, म्हणजे रोग तिथपर्यंत गेला नव्हता. हे कळलं तेव्हा दशरथ वॉर्डाच्या बाहेर गेला आणि बराच वेळ परत आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात शहाळी होती, एवढी की आख्ख्या वॉर्डाला पुरली.

शेजारच्या खाटेवर गोराईची कुंदा होती. कोळीण, तिशीची, दोन मुलांची आई. तिचीही गाठ लहानच होती आणि तिलाही डॉक्टरांनी दोन्ही रस्ते सांगितले होते. तिने पूर्ण काढायचं ठरवलं. होडीने खाडी ओलांडायची, बोरिवलीपर्यंत पोचायचं, तिथून परळ, आणि तेवढंच परत. हे रोज, सहा आठवडे. नवरा दादू समुद्रावर, मासळी कोण विकणार, पोरांना कोण बघणार? ती म्हणाली, एकदा काय ते होऊन जाऊ दे, मग मी मोकळी. मालनताईला वाटलं, बिचारीला पर्याय नव्हता. तसं ती बोललीही. त्यावर कुंदा उखडली. पर्याय होता, मी निवडला, तू कोण मला बिचारी म्हणणारी, असं तिने आपल्या ठसक्यात सुनावलं. दोन दिवस दोघी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या वरणाला नावं ठेवण्यावरून समेट झाला.

घरी आल्यावर हाताचा व्यायाम सुरू झाला. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटं भिंतीवरून वर चालवत न्यायची. सुलक्षणा रोज पेन्सिलीने खूण करायची. खूण खांद्याच्या थोडी वर गेली आणि तिथेच अडली. तिथून पुढे काखेत दोरी ओढल्यासारखं दुखायचं, आणि मालनताई भिंतीला मालवणीत शिव्या घालायची.

शेक सुरू व्हायची वेळ आली तेव्हा रोज परळला कसं जायचं हा प्रश्न उभा राहिला. दशरथला रोज रजा मिळणार नव्हती, आणि गर्दीत दुखरी काख घेऊन एकटीने जाणं शक्य नव्हतं. मी श्यामसुंदरला विचारलं, सकाळी गाडी मिळेल का? तो आधी पेट्रोलबद्दल बोलला, मग टायरबद्दल, मग म्हणाला, एल बोर्ड काढायचा नाही. म्हणजे ही शिकवणी झाली, आणि शिकवणीला गाडी द्यायला माझी ना नाही.

तर अशी ती शिकवणी सुरू झाली. रोज सकाळी लेडीज बॅचमधली एक बाई स्टिअरिंगवर, डावीकडे मालनताई, मागे मी किंवा सोनूबाई. मालनताईचा उजवा हात मांडीवर ठेवलेल्या उशीवर. शिकवायचं सगळं तोंडाने. आतापर्यंत आम्ही एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यांवर शहाणपणा केलेला, आता हायवेला लागलो, माहीमची गर्दी पाहिली, दादरला ट्रक आणि डबलडेकरच्या मध्ये सापडलो. पहिल्या आठवड्यात मी सिग्नलला तीनदा गाडी बंद पाडली. मालनताई म्हणाली, घाई नाही, मशीन आपल्यासाठी थांबतं. ते खरं नव्हतं. तिथे भली मोठी रांग असायची.

हॉस्पिटलात आम्ही लवकरच ओळखीचे झालो. एल लावलेली गाडी फाटकातून आली की वॉचमन आधी बाकीच्या लोकांना बाजूला करायचा, मग आम्हाला आत घ्यायचा. शेक दोन-चार मिनिटांचाच असायचा, पण तेवढ्यासाठी तासभर बाकावर बसावं लागे. मालनताई तिथे बसून त्या दिवशीच्या चालवण्याचा पंचनामा करायची, आणि रांगेतल्या बायकाही त्यात भाग घ्यायच्या. नालासोपाऱ्याच्या एका म्हाताऱ्या आजींना क्लच म्हणजे काय ते इतकं छान समजलं होतं की त्या माझी चूक मालनताईच्या आधी सांगायच्या.

तिसऱ्या आठवड्यापासून तिची कातडी काळवंडली, जळजळायला लागली. थकवा असा यायचा की परतीच्या वाटेवर ती बोलता बोलता झोपायची, आणि आम्ही घाबरून अजून हळू चालवायचो. एक दिवस ती म्हणाली, आज नको, आज मी येत नाही. सोनूबाईंनी तिच्याकडे बघितलं, नऊवारी नीट केली, स्वतः जाऊन गाडीत मागे बसल्या आणि दार लावून घेतलं. त्या उतरेचनात. शेवटी मालनताई येऊन बसली. वाटेत दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. परतताना मात्र सासूबाईंनी उसाचा रस प्यायला गाडी थांबवायला लावली.

वनमालाकाकूही आता सोबत यायला लागल्या होत्या, पण मागे बसायच्या, स्टिअरिंगवर बसायला तयार नव्हत्या. म्हशींच्या दिवसापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. पण एका बुधवारी मला बँकेत लवकर जायचं होतं, बॅचमधल्या दुसऱ्या एकीला ताप होता, आणि तिसरीचा पत्ता नव्हता. मालनताई म्हणाली, काकू, आज तुम्ही. काकू नाही म्हणाल्या. मालनताई म्हणाली, मग माझा आजचा शेक बुडाला. काकूंनी पदर खोचला.

पुढचं मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं, पण मुख्य गोष्टीवर दोघींचं एकमत आहे. दादरला टिळक पुलाच्या चढावर वाहनं थांबली. मागे बस, पुढे हातगाडी. वाहनं पुढे सरकली, काकूंनी क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. मालनताईने ब्रेक दाबून धरला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. काकूंनी पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा गाडी झटका देऊन पुढे गेली ती थेट हातगाडीच्या रोखाने, आणि काकूंचे हात गोठले. ब्रेक दाबावा तर मागे बस चिकटलेली. मालनताईचा उजवा हात उशीवरून उठला, सरळ पुढे गेला आणि त्याने स्टिअरिंग धरून वळवलं. हातगाडीला वीतभर अंतर ठेवून गाडी बाजूने निघाली आणि पुलाच्या माथ्यावर पोचली.

काखेतून अशी कळ गेली म्हणे की डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती मालवणीत जे बोलली ते पार्ल्याच्या करमरकरांच्या घरात कधी बोललं गेलं नसेल. काकूंनी पुढे बघत, हात न सोडता, घाबरत विचारलं, ‘मालन, लागलं का गं?’

‘लागलं,’ मालनताई म्हणाली. ‘पण हात आला बघा काकू. तुम्ही चालवत राहा, आता डोळे झाकू नका.’

काकूंनी डोळे झाकले नाहीत. परळला पोचून त्यांनी गाडी लावली, तीही दोन रेघांच्या बरोबर मध्ये, आणि मग स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडल्या. त्या संध्याकाळी भिंतीवर सुलक्षणाची पेन्सील कित्येक दिवसांनी वर सरकली. दुसऱ्या दिवशी हात पुन्हा आखडला, तेही खरं. पूर्ण वर जायला पावसाळा उजाडला.

शेवटच्या शेकाच्या दिवशी डॉक्टर सबनीस गाडीपर्यंत आले. एल बोर्डाकडे बघून त्यांनी विचारलं, या गाडीतून किती जणींना लायसन्स मिळालं? मालनताई म्हणाली, सगळ्याच पास होतील, परळपर्यंत येऊ शकते ती बाई कुठेही जाईल. आणि खरोखरच उन्हाळ्यात आम्ही सगळ्या पास झालो. आमची मारुती मात्र त्यानंतर वर्षाने आली.

त्यानंतरची वर्षं सरळ गेली असं मी म्हणणार नाही. दर तपासणीच्या आधी दोन दिवस मालनताई चिडचिडी व्हायची आणि त्या दिवसांत शिकायला आलेल्या बायकांची वाट लागायची. शहाऐंशी साली व्रणाच्या खाली काहीतरी टणक लागलं. डॉक्टरांनी पुन्हा तुकडा तपासायला पाठवला. तो रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस तिने कसे काढले ते तिलाच माहीत. तेव्हा एकदा ती मला म्हणाली, ‘चुकले असेन का गं मी? कुंदासारखं केलं असतं तर ही भीती नसती.’ रिपोर्ट आला, शेकाने आतली चरबी आळून तिचा गोळा झाला होता, बाकी काही नव्हतं. पुढच्या तपासणीला तिने ही गोष्ट कुंदाला सांगितली. कुंदा तिच्यावर हसली. म्हणाली, भीती काय फक्त तुझ्याकडेच ठेवलीय काय? माझं तर काहीच शिल्लक नाही तरी जरा पाठ दुखली की मी हाडाला हात लावून बघते. दोघी मग कितीतरी वेळ तिथल्या बाकावर आपापल्या भीतीचे किस्से सांगत बसल्या होत्या, आणि आजूबाजूचे लोक या दोघी हसतात कशाला म्हणून बघत होते.

एकोणनव्वदच्या जानेवारीत पाच वर्षं पूर्ण झाली. दोघीही बऱ्या होत्या. डॉक्टर सबनीसांच्या चष्म्याचा नंबर वाढला होता. त्यांनी दोघींना एकदमच आत बोलावलं आणि सांगितलं, आता वर्षातून एकदा आलात तरी चालेल. कुंदाने तिथल्या तिथे सगळ्यांना गोराईला जेवायला बोलावलं. डॉक्टरांनाही, पण त्यांना त्या रविवारी ड्यूटी होती.

आम्ही दोन गाड्यांनी निघालो, भाईंदरवरून, लांबच्या रस्त्याने. एक आमच्या घरची मारुती, तिच्यावर मी, एक करमरकरांची फियाट, तिच्यावर काकू. करमरकर मागे बसले होते आणि बायको चालवत असताना मागे बसायची त्यांना आता सवय झाली होती. दशरथ, सोनूबाई, सुलक्षणा आणि मालनताई माझ्या गाडीत. मालनताई माझ्या डावीकडे, आणि पायाखाली ब्रेक नसलेल्या जागी तिचे पाय सबंध रस्ताभर दाबले जात होते.

कुंदाने पापलेट तळले होते, सोड्यांचं कालवण केलं होतं, आणि करमरकरांसाठी वेगळ्या चुलीवर वांग्याची भाजी आणि तांदळाची भाकरी. जेवण झाल्यावर दादूने सगळ्यांना होडीतून खाडीत नेलं. लॉरी चालवलेली मालनताई होडीत पहिल्यांदाच बसत होती. पाणी हललं तशी ती कुंदाचा दंड घट्ट धरून बसली आणि घामाघूम झाली. कुंदाला याचा इतका आनंद झाला की तिने दादूला मुद्दाम आणखी पुढे न्यायला सांगितलं. किनाऱ्याला लागल्यावर मालनताई गुडघाभर पाण्यात उतरली, साडी भिजली, आणि लाट आली तशी कुंदाच्या अंगावर पडली. मग दोघी पाण्यातच बसल्या. सोनूबाई वाळूवरून ओरडत होत्या की सर्दी होईल.

निघताना कुंदाने सुके बोंबील आणि जवळा यांची भली मोठी पिशवी बांधून दिली. माझ्या गाडीत माणसं दाटीने बसली होती, म्हणून पिशवी काकूंच्या फियाटमध्ये, करमरकरांच्या शेजारी ठेवली. त्यांनी काही तक्रार केली नाही, पण भाईंदरपासून पार्ल्यापर्यंत त्या गाडीच्या चारही काचा खाली होत्या, आणि सिग्नलला बाजूला उभे राहणारे रिक्षावाले आत डोकावून बघत होते.